अप्पांची पाठ आणि माझा पाय

मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं नंतर. यात माझं कर्तृत्व काहीच नाही, हाल सगळे आईचे झाले. पण ढोकीच्या पलीकडं आमचं जे गाव आहे तिथं एवढी एक गोष्ट माणसाला जन्मभर चिकटते. कुणाच्या पाठीत उसण भरली, कंबर धरली, की त्यानं रविवारी सकाळी अनशापोटी पायाळू माणसाकडं जायचं, पाठ करून उभं राहायचं, आणि पायाळूनं डाव्या पायानं त्याच्या कंबरेला तीनदा हलकेच लाथ मारायची. मग उसण जाते. ती तशीही दोन-चार दिवसांत जातेच, पण हे सांगायची सोय नव्हती.

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून रविवारी आमच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. माझा पाय कंबरेपर्यंत पोचायचा नाही, म्हणून मोठी माणसं जमिनीवर पालथी झोपायची. मला मजा वाटायची, खोटं कशाला बोलू? शाळेत ज्यांच्या छड्या खायच्या त्या गुरुजींची कंबर एका रविवारी धरली, तेव्हा मी तीनाच्या चार लाथा मारल्या. नियम एकच होता. वडीलधाऱ्याला पाय लावला की लगेच वाकून त्याच्या पाया पडायचं, म्हणजे दोष लागत नाही. लाथ, नमस्कार, पुढचा माणूस. आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, या सगळ्याचं फार कौतुक. ओट्यावर आलेल्यांना ते स्वतः चहा द्यायचे, अर्थात लाथेनंतर.

पुढं मी फिजिओथेरपी शिकले, पुण्यात एका दवाखान्यात नोकरी धरली आणि ती करता करता ऑस्टिओपॅथीचे वर्ग केले. कितीतरी शनिवार-रविवार आम्ही एका खोलीत एकमेकांच्या पाठीवर नुसते हात ठेवून, डोळे मिटून बसायचो. कातडीखाली काय ताठलंय, कुठली बरगडी श्वासाबरोबर हलत नाही, दुखतंय खांद्यात पण अडलंय कुठं, हे बोटांना कळेपर्यंत बसायचं. पहिलं वर्षभर मला काहीच कळलं नाही. बाकीचे माना डोलवायचे म्हणून मीही डोलवायची. मग एक दिवस एका बाईंच्या मानेखाली हात ठेवला, त्यांनी हलकेच डोकं ढकललं, मी तेवढंच अडवून धरलं, त्यांनी सैल सोडलं, आणि आखडलेला स्नायू माझ्या बोटांखाली आपला आपण लांब झाला. त्या दिवशी मी बसमधून घरी येताना सारखी स्वतःच्या हातांकडं बघत होते. आपल्याला एक काम येतं, असं पहिल्यांदा वाटलं.

हे काम घेऊन मी धाराशिवला परत आले आणि स्टँडच्या मागच्या गल्लीत दवाखाना टाकला. पाटीवर ‘फिजिओथेरपी व ऑस्टिओपॅथी’ असं लिहून घेतलं. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, हे दुसरं काय असतं? मी दहा मिनिटं समजावून सांगितलं. शांतपणे ऐकून घेऊन तो म्हणाला, “म्हंजी मालिश.” तिथून पुढं मी हेच ऐकत आले आहे.

इथं प्रत्येकाच्या मणक्यात गॅप असतो. माणूस आत येतो, खुर्चीत टेकायच्या आधी एक्स-रेची पिशवी टेबलावर टाकतो आणि म्हणतो, “चार-पाचमधी गॅप हाय.” कुणी सांगितलं? मेव्हण्यानं. नाहीतर मेडिकलवाल्यानं. फोटो बघा म्हणतात, अंगाला हात लावू देत नाहीत. शर्ट काढा म्हटलं की कशाला. चपला काढून जरा चालून दाखवा म्हटलं की मी काही भलतंच मागितल्यासारखं बघतात. मग मी ओरडते. हो, मी रुग्णांवर ओरडते, त्याबद्दल गावात माझं नाव आहे. फोटोत माणूस गपगार उभा असतो आणि तुमचं दुखणं चालताना होतंय, तर मला चालणं बघू द्या ना! आणि व्यायाम? “करताय ना?” “करतो की.” “दाखवा बरं.” मग जे काही दाखवतात ते मी कधीच शिकवलेलं नसतं.

नळदुर्गचा एक ट्रकवाला होता. मान अशी धरलेली की आरशात बघायला अख्खं अंग वळवावं लागायचं. मी त्याच्यावर पाऊण तास काम केलं. आधी बरगड्या, मग खांदा, शेवटी मान. उठून बसला तर मान दोन्हीकडं फिरत होती. मला वाटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलेल.

“मॅडम, आवाज न्हाय आला,” तो म्हणाला.

“मान फिरतेय ना?”

“फिरतीय. पण आवाज? हायवेला ढाब्यामागं एकजण हाय, त्यो कडाकडा वाजवतो. लई बरं वाटतं.”

सांध्यात आवाज येतो तो आतल्या हवेचा बुडबुडा असतो, त्याचा आणि बरं होण्याचा संबंध नाही, हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. दुखत नव्हती, त्यामुळं चांगली हलली. मग दारापाशी जाऊन पुन्हा मागं आला. “तुमी पायाळू हायसा म्हणं. तेवढं तरी करता का?”

इतकी वर्षं घालवून हात तयार केले आणि लोकांना हवा पाय. ज्या पायासाठी मी काडीचे कष्ट घेतले नाहीत तो. दवाखान्यात लाथ मारणार नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं आणि ते पाळत आले होते. कुणी जास्त आग्रह केला की दार दाखवायची. माझ्या काटेकोरपणाचा मला अभिमान होता.

एवढं सगळं ज्यांच्यासाठी सांगतेय ते अप्पा. हंगाम सुरू झाला की अप्पा ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून फडातून कारखान्यावर न्यायचे. मला आठवतंय तेव्हापासून हेच. ट्रॅक्टरच्या त्या टणक सीटवर बसून, कंबरेतून डावीकडं वळून मागच्या ट्रॉल्यांवर नजर ठेवायची, अशी त्यांची बसायची तऱ्हा. घरी जेवायला बसले तरी ते थोडे डावीकडंच वळलेले असायचे. ट्रॅक्टर म्हणजे त्यांचा जीव. रोज धुणार ते स्वतः, दुसऱ्या कुणाला पाणीसुद्धा मारू द्यायचे नाहीत.

त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास त्यांची कंबर धरली आणि कळ डाव्या पायात उतरायला लागली. मी गावी गेले. सतरंजीवर झोपवून नीट तपासलं. पाय सरळ ठेवून वर उचलला तर अर्ध्यावर जायच्या आधीच कळवळले. पायाचा अंगठा वर ओढा म्हटलं आणि मी बोटानं दाबून धरला, तरी त्यांनी तो वर ओढला. ताकद शाबूत होती. मला हायसं वाटलं. मी त्यांना समजावलं की मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय, या हंगामात ट्रॅक्टरवर बसायचं नाही, दोनच व्यायाम सांगते तेवढे रोज करायचे, आणि सोलापूरला जाऊन एमआरआय काढून घेऊ.

“बरं,” अप्पा म्हणाले. मग कुशीवर वळले, पाठ माझ्याकडं केली. “आता पाय लाव.”

“अप्पा, हे लाथेनं जायचं दुखणं न्हाय.”

“सगळ्या गावाला लावलास आन बापालाच नगं?”

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, “लाव की गं. तुझं काय जातंय?”

माझं काय जातंय! माझं शिक्षण जातंय, माझी अक्कल जातेय, पण हे आईला कोण सांगणार. शेवटी मी सौदा केला. पाय लावते, पण व्यायाम करायचे. रोज, दोन वेळा. आणि मी दर रविवारी येऊन बघणार. अप्पा लगेच कबूल झाले. मी लाथ मारली, वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. आपण मोठ्या हुशारीनं मार्ग काढला असं वाटून मी संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

चार-पाच रविवार असे गेले. मी विचारायची, व्यायाम? ते म्हणायचे, चालू हायेत. एमआरआयचं म्हटलं की, दिवाळी होऊ दे. लाथ, नमस्कार, चहा. मग एका रविवारी अप्पा रानात गेलेले असताना आईनं सहज बोलता बोलता सांगून टाकलं. व्यायाम एक दिवसही केलेला नव्हता. आणि कारखाना सुरू झाल्यापासून अप्पा रोज ट्रॅक्टरवर होते. फक्त रविवारी मी येणार म्हणून ट्रॅक्टर चुलत्याच्या अंगणात उभा करायचे.

मी भयंकर चिडले. परके रुग्ण फसवतात ते एक वेळ समजू शकते. ते मला कोण लागतात? पण हा माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना पोरगी हाडांची डॉक्टर आहे म्हणून सांगत फिरतो आणि माझाच शब्द त्याला कवडीमोल. अप्पा रानातून यायच्या आत मी निघाले. आईला निरोप ठेवला, व्यायाम सुरू करा आणि ट्रॅक्टर सोडा, मग मी येईन. तोवर येणार नाही.

आणि खरंच गेले नाही. एक रविवार, दोन, तीन. फोन आईचाच यायचा. अप्पा फोनवर बोलायचे नाहीत, त्यांना ते जमतच नाही. “बरं हाय त्यांचं,” आई म्हणायची, “दुखणं कमी झालंय म्हणत्यात.” मला वाटलं, बघा, धाक दाखवल्यावर व्यायाम केले असतील. मनातल्या मनात मी जिंकलेही.

मग एका शनिवारी अप्पा दवाखान्यात आले. न सांगता, न कळवता. शनिवार म्हणजे बाजारहाट उरकून खेड्यापाड्यांतली माणसं येतात, बाकावर जागा नसते. मी पडदा बाजूला केला तर अप्पा कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. पांढरा शर्ट, सणाचं धोतर. सगळ्यांच्या आधी त्यांना आत घ्यायला हवं होतं. पण मला राग होता, आणि शिवाय माझा नियम होता की ओळखीचा म्हणून कुणाला मधे घ्यायचं नाही. मी म्हटलं, “नंबर येईल तसं बोलावते.” त्यांनी मान डोलावली. दोन तास बसून राहिले. दर वेळी पडदा हलला की बघायचे आणि मी दुसऱ्याचं नाव घ्यायची.

शेवटचे दोन-तीनजण उरले असताना ते आत आले. चालताना पाय जरा फटफट वाजत होता. डाव्या चपलेला टायरच्या ट्यूबची रबरी पट्टी बांधलेली, पावलावरून फिरवून घोट्याशी गाठ मारलेली. चप्पल तुटली तरी नवी घेणार नाहीत, असा माझा त्यावर पहिला आणि शेवटचा विचार.

“व्यायाम?” मी विचारलं.

“दुखणं कमी झालंय बघ,” ते म्हणाले. “पायातली कळ तर गेल्यागतच हाय. तुझ्या पायाचा गुण.”

“मग कशाला आलात?”

त्यांनी पडद्याकडं बघितलं, बाहेरची माणसं ऐकत होतीच. “आसंच. एकदा पाय लाव म्हणलं.”

तिथं माझा तोल गेला. मोठ्यानं बोलले, बाहेरच्यांनाही ऐकू जाईल इतकं. हा दवाखाना आहे, लाथा मारायचा ओटा नाही. सगळ्या जिल्ह्याला व्यायाम शिकवून मी थकले आणि घरचाच माणूस ऐकत नाही. मला काही किंमत आहे की नाही. अप्पा ऐकत उभे होते. त्यामुळं मला अजूनच चेव आला. मग पुढच्या बाई खोकल्या, मला वेळेचं भान आलं, आणि मी म्हटलं, “फिरा.” ते फिरले. मी तीनदा पाय लावला. जो नियम कुणासाठी मोडला नव्हता तो मोडला, आणि मायेनं नव्हे, लवकर सुटावं म्हणून. मग सवयीनं वाकले, त्यांच्या पायांना हात लावला. बोटं त्या रबरी पट्टीला आणि डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला लागली. पाऊल गार होतं.

ही तीच बोटं होती. परक्या बाईच्या मानेतला राईएवढा बदल ओळखणारी. बापाच्या पावलावर ठेवली आणि त्यांना काही कळलं नाही. मी वर उठले आणि पुढचं नाव घेतलं.

दहा-बारा दिवसांनी आईचा फोन आला. अप्पा उंबऱ्याला अडखळून पडले होते, कपाळाला खोक पडली होती. “त्यांचं पाऊल वर येईनाच झालंय गं,” आई म्हणाली, “लोंबतंय नुसतं. चप्पल निसटून जाती तरी कळत न्हाय, म्हणून बांधून घेतली हुती.”  मला सगळं एका क्षणात समजलं आणि समजलेलं पुसून टाकता येईना. कंबरेत नस दाबली गेली की आधी पायात कळ येते, मुंग्या येतात. आणि मग नस हार मानायला लागली की कळ कमी होते. माणूस म्हणतो, बरं वाटतंय. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात हे. दुखणं कमी झालं म्हणून खूश होऊ नका, आधी ताकद बघा. मी माझ्या रुग्णांना कितीदा चपला काढून चालायला लावलं असेल! अप्पांना लावलं नाही.

सोलापूरला नेलं. एमआरआय झाला, तातडीनं ऑपरेशन ठरलं. सर्जननं अप्पांचं पाऊल हातात घेतलं, सोडलं. ते पडलं. “कधीपासून आहे हे?”

“परवापासनं,” अप्पा म्हणाले. माझ्याकडं न बघता.

सर्जननं नडगीच्या बाजूचा स्नायू दाबून बघितला. तो भाग खोलगट झाला होता, दोन दिवसांत तसा होत नाही. “परवापासून नाही, बाबा. चार-पाच आठवडे झालेत याला.” मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, “तुम्ही फिजिओ ना?” त्यात टोमणा होता की नुसती चौकशी, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी हो म्हटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. नस मोकळी केली, कंबर दुखायची पूर्ण थांबली. पावलाचं मात्र सर्जननं स्पष्ट सांगितलं. जे यायचं ते साधारण वर्षभरात येईल. उशीर झालाय, त्यामुळं किती येईल सांगता येणार नाही. ट्रॅक्टर चुलत्याच्या मुलाकडं गेला. ट्रॅक्टर गल्लीतून गेला की अप्पा बोलता बोलता थांबतात आणि आवाज दूर जाईपर्यंत थांबूनच राहतात.

आणि गंमत बघा, आता अप्पा सगळं ऐकतात. पाऊल लोंबू नये म्हणून दिलेला प्लॅस्टिकचा स्प्लिंट सकाळी उठल्या उठल्या चढवतात. व्यायाम दिवसातून दोनदा सांगितला तर चारदा करतात. खुर्चीत बसून पाऊल वर ओढायचा प्रयत्न करतात, गळ्याच्या शिरा ताठ होतात, पाऊल तसंच असतं. मला हेच हवं होतं ना? ऐकणारा रुग्ण? त्यांना असं करताना बघितलं की मला त्यांचा राग येतो, की हे तेव्हा का नाही केलंत. आणि लगेच माझा येतो, आणि मग सगळ्याच गोष्टींचा येतो, गॅपचा, ढाब्यामागच्या त्या कडकडवाल्याचा, माझ्या पाटीचा. गावात ते सांगत असतात की पाठ माझ्या पोरीच्या पायानं बरी झाली, पावलाचं जरा राहिलंय. मी एकदा म्हटलं, असलं सांगू नका, माणसं येतील आणि तपासायच्या आधी लाथ मागतील. तर म्हणाले, “मग काय सांगू?” 

गेल्या उन्हाळ्यात एकदा त्यांचं पाऊल मांडीवर घेऊन मी चोळत बसले होते. आई शेजारी गेली होती. मी न राहवून विचारलं, “अप्पा, तुम्हाला पावलाचं कळलं कधी?”

“दिवाळी झाल्यावर.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू येत नव्हतीस,” ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. “म्हणून तिकडं आलतो की त्या दिवशी. पाऊल दाखवायलाच आलतो.”

“मग दाखवलं का नाही? लाथ कशाला मागितली?”

“गर्दी हुती. तू आधीच चिडलेली. म्हणलं आता ह्ये काढलं तर आजून चिडशील. पाय लावायला येळ लागत न्हाय. तेवढ्यात तू वाकलीस, हात लावलास. म्हणलं, डॉक्टर हाय, हात लागला म्हंजी तिला कळलं आसंल.”

मी पाऊल चोळत राहिले. रडले नाही. मला रडू येत नाही, राग येतो. त्या शनिवारच्या बाकावरचे ते दोन तास मी मनात इतक्या वेळा उलटेसुलटे केले आहेत की आता त्यातल्या माणसांचे चेहरेही आठवतात. एकाला साधा खांदा होता. एकीला काहीच झालेलं नव्हतं, सुनेच्या तक्रारी सांगायला आली होती.

मी दर रविवारी गावी जाते. अप्पांच्या पावलाची ताकद मोजते. आमच्या कामात त्याला शून्य ते पाच असे आकडे असतात. पाच म्हणजे धडधाकट. तीन म्हणजे पाऊल कुणाच्या मदतीशिवाय वर उचलता येतं. दोन म्हणजे कुशीवर झोपवून, पावलाचं वजन काढून घेतलं तर जरासं हलतं, पण बसल्या जागी वर येत नाही. अप्पांना हे आकडे पाठ झाले आहेत. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी दोन झालं, तेव्हा त्यांनी साऱ्या गल्लीत सांगितलं. त्यानंतर दर रविवारी मी दोनच सांगत आले. खोटं सांगायचं नाही, खोट्या दिलाशानं माणसाचं वाटोळं होतं, हे मी रुग्णांच्या नातेवाइकांना ओरडून ओरडून सांगते.

मागच्या रविवारी ऑपरेशनला वर्ष होऊन वर काही दिवस झाले. अप्पा खुर्चीत बसले. मी खाली बसून स्प्लिंट काढला, म्हटलं, ओढा वर. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि ओढलं. ओठ दाबलेले, कपाळाला घाम. मी पावलाखाली हात न ठेवता बघत राहिले.

“बास,” मी म्हटलं.

“किती झालं?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

अप्पांनी पावलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.  मग आत स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, “आगं ऐकलंस का, तीन झालं म्हणती डॉक्टरीण!”

आई पीठ लागलेले हात घेऊन धावत बाहेर आली. पाऊल हललं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही दिसलं होतं.